काशाच्या भांड्यातली थोरली

मी कोण बोलतेय ते लगेच सांगत नाही. सांगितलं तर नाक मुरडाल आणि पान उलटाल. आधी एवढंच ऐका, की मी अस्सल काशाची आहे. तांबं आणि कथील वितळवून, चार माणसांनी आळीपाळीनं हातोडे घालून घडवलेली. टिचकी मारलीत तर माझा नाद बराच वेळ घुमत राहतो. माझ्याबरोबर त्याच भट्टीतून निघालेल्या वाट्यांतून लोक भात जेवतात. माझ्या कपाळी दुसरं काम लिहिलेलं होतं.

बरं, सांगूनच टाकते. मी रात्रीचं भांडं. लघवीचं. घ्या, मुरडा नाक! पण आमच्या गोछांग तालुक्यात पूर्वी माझ्याशिवाय नवरी सासरी जात नसे. रुखवतात बाकी काही कमी असलं तरी चालायचं, मी नसले तर मुलीच्या आईची नाचक्की व्हायची. बाईच्या रुखवतातून आले, म्हणून बाईमाणसासारखीच बोलते.

ओकबुन एकोणीस वर्षांची होती. तिच्या आईनं दुकानात तीन भांडी वाजवून पाहिली आणि मला निवडलं. निघायच्या दिवशी तिनं माझ्या पोटात मूठ मूठ कापूस कोंबला.

"हा कशाला, आई?" ओकबुननं विचारलं.

"काशाचं भांडं आहे, बोंबलतं. पलीकडच्या खोलीत सासू झोपलेली असते. तुझा आवाज तिला जायला नको."

"मग कापूस काढायचा कधी?"

"सासू मेल्यावर," आई म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की ट्रक घेऊन आलेला माणूस वैतागला.

कापूस काढायला अकरा वर्षं लागली. तोवर मी तोंड मिटून होते.

नवरा पानसू. उंच, हाडकुळा, कमी बोलणारा. त्यांची शेती होती काळ्या रासबेरीची. आमच्याकडे त्या फळाची एक कथा सांगतात. एका म्हाताऱ्याला मूल होत नव्हतं. त्यानं डोंगरात ही फळं पोटभर खाल्ली, आणि त्या रात्री त्याच्या धारेच्या जोरानं भांडंच उलटं झालं. पुढच्या वर्षी मुलगा झाला. या एका कथेवर आमचा अख्खा तालुका जगतो. मी आपली खरी गोष्ट सांगते: पन्नासेक वर्षांत मला एकाही पुरुषानं उलटं पाडलेलं नाही. एकदा मांजरीनं पाडलं होतं.

पण ओकबुन डोक्यानं तेज. घरात पक्का संडास झाला, माझं काम संपलं, तेव्हा बाकीच्या बायकांनी आपापली भांडी मोडीत घातली. हिनं मला घासलं, पुसलं आणि सोनुन मंदिराच्या रस्त्यावर नेलं. तिथं त्यांची फळी होती, रासबेरीच्या दारूची. तिनं मला बाटल्यांच्या मधोमध पालथी ठेवली. बस. पोरं भाजलेला बाम मासा खाऊन, दात कोरत यायची, मला बघायची आणि खो खो हसायची.

"काय आजी, खरंच उलटं होतं का?" एखादा विचारायचा.

"माझ्या नवऱ्याला विचारा," ओकबुन म्हणायची. पानसू लाजून बाटल्या पुसत बसायचा. बाटल्या दुपारपर्यंत संपायच्या. ती वर्षं माझी सोन्याची.

मग तिच्या पोटात गाठ निघाली.

अकरा महिने ती अंथरुणात होती. शेवटी शेवटी तिला चार पावलं चालवेना. पानसूनं मला फळीवरून घरी आणलं आणि मी पुन्हा मूळच्या कामाला लागले. तिला तो दोन्ही काखांत धरून माझ्यावर बसवायचा, उठवायचा, पुसायचा. मग मला उचलून बाहेर न्यायचा, ओतायचा, धुवायचा, परत आणायचा. दिवसातून सहा वेळा, आठ वेळा. ज्या माणसानं आयुष्यात स्वतःची वाटी विसळली नव्हती, त्याचे हात माझ्या पाण्यानं फुटले. बायकोचा नवरा होता, तो तिची दाई झाला. मला वाटतं, त्याच्या शरीरातला तो नवरा तेव्हाच निमूट बाहेर निघून गेला. त्याला कळलंही नाही. कळायला उसंत कुठं होती?

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं या एका क्षणावर उभं आहे.

ती जायच्या चार दिवस आधी, सकाळी, तो मला घेऊन दाराकडे निघाला होता. तिची पाठ उशीला टेकलेली. ती मागून म्हणाली, "अहो, ऐका. या भांड्यावर दुसरी कुणी बसली ना, तर मी येईन आणि तुमच्या दोघांच्या मध्ये झोपेन हं!"

तो दारात थबकला. वळला नाही. डोळे भरले होते म्हणून वळला नाही. नंतर ती फारसं बोललीच नाही. त्यामुळे हेच तिचं शेवटचं बोलणं म्हणून त्याच्या काळजात रुतून बसलं.

पण मी त्याच्या हातात होते. माझं पोट चकचकीत होतं आणि त्यात ती मला दिसत होती. ती हसत होती. हाडांचा सापळा झालेली बाई, ओठ दाबून, खोड्याळ पोरीसारखी हसत होती. त्यानं ते पाहिलं नाही. पाहिलं फक्त मी, आणि मला बोलता येत नाही.

ती गेली. आमच्याकडे दरवर्षी श्राद्धाला पाट मांडतात, वाडगाभर भात, सूप, मासा, फळं. मृताच्या नावाची कागदी पट्टी लिहून उभी करतात. बाईच्या पट्टीवर तिचं स्वतःचं नाव नसतं, माहेरचं कूळ असतं. फाटक उघडं ठेवायचं, म्हणजे ती येते आणि पट्टीत बसते. जेवण झालं की दोनदा दंडवत घालायचं आणि पट्टी जाळायची. जाळली की ती गेली, पुढच्या वर्षापर्यंत. न जाळता ठेवली, तर तिनं जायचं कसं?

पहिली दोन वर्षं पानसूनं सगळं रीतसर केलं. तिसऱ्या वर्षी मात्र पुढच्याच महिन्यात दुसरी बायको, कीसून, घरात यायची होती. पट्टी चिमटीत, काडी पेटलेली, आणि याचा हात पुढे होईना. काडी बोटापर्यंत जळत आली. दुसरी पेटवली, तीही विझली.

"हिला जाळून तिला आणू?" तो स्वतःशीच पुटपुटला.

मग त्यानं ती पट्टी चौपदरी घडी करून माझ्यात ठेवली. वर झाकण लावलं. मला झोपायच्या खोलीत, कपाटाशेजारी, कोपऱ्यात ठेवलं. फाटकही त्या रात्री तसंच उघडं राहिलं. पुढची श्राद्धं त्यानं मंदिराकडे सोपवली आणि घरात तिचं नाव घेणं बंद केलं.

तेव्हापासून मी रिकामी राहिले नाही. खोटं कशाला सांगू? माझ्यात डोक्याच्या कॅमेलियाच्या तेलाचा वास यायला लागला, ओकबुन लावायची तेच तेल. कागद हलायचा. वारा कुठून येणार, झाकण घट्ट होतं. ती बोलत नसे. नुसती असायची. आमच्याकडे थंडीत घराची जमीनच खालून तापवतात. आणि ती जमीन निवली, की माझं झाकण आपोआप वाजायचं. टिंग. एकदाच.

कीसून आली ती गुनसानहून. विधवा, बासष्ट वर्षांची, वीस वर्षं नूडल्सची खानावळ चालवलेली. मनगटं पैलवानासारखी आणि जीभ सुरीसारखी. घरात पाऊल टाकलं आणि पहिल्या दिवशी ओट्याखालचे सगळे डबे बाहेर काढले.

"अहो, या तिळाच्या तेलाला तुमच्यापेक्षा जास्त वास येतोय," ती म्हणाली. पानसू कित्येक दिवसांनी हसला. मलासुद्धा ती आवडली. आवडली याचा रागही आला.

तिनं मला पाहिलं, विचारलं. "थोरलीच्या रुखवतातलं आहे," एवढंच तो म्हणाला. तिनं मान डोलावली आणि मला हात लावला नाही. बाई रीत पाळणारी होती.

आता खोलीतलं बोलायचं म्हणजे मलाही अवघड आहे, पण त्याशिवाय माझी कहाणी पुढे सरकत नाही. पहिल्या महिन्यात एकदा दोघं जवळ आले. काही झालं नाही. दमलोय, तो म्हणाला. दुसऱ्यांदा दारू जास्त झाली म्हणाला. तिसऱ्यांदा सुरुवात बरी झाली होती, आणि नेमकं माझं झाकण वाजलं. टिंग. तो गोठला. पांघरूण ओढून भिंतीकडे वळला. त्यानंतर दोन वर्षं ती पाठच कीसूनच्या वाट्याला आली.

आणि दिवसा हाच माणूस मंदिराच्या रस्त्यावर मर्दानगीची दारू विकत होता! "घ्या साहेब, वर्षभर बायको खूश." गिऱ्हाईक डोळे मिचकावायचं, हाही मिचकावायचा. घरी येऊन जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. आता सांगा, अशा माणसानं आपलं दुखणं कुणाला सांगावं? हलवाईच म्हणाला माझे लाडू कडू, तर घेणार कोण?

या उन्हाळ्यात कीसूनचा बांध फुटला. दुपारी कपडे घड्या घालता घालता ती शांतपणे म्हणाली, "सुगीचा सण झाला की मी गुनसानला परत जाते."

"का?" पानसू दचकला.

"का म्हणजे? स्वयंपाकीण हवी होती तर तसं सांगायचं, पगार ठरवला असता. मला या वयात काही आकाशातले तारे नकोत हो. पण माणूस माणसाकडे तोंड करून तरी झोपतो. मी तुम्हाला नकोशी आहे, हे मला कळायला दोन वर्षं लागली, एवढीच माझी चूक."

"तसं नाही गं."

"मग कसं आहे? सांगा की!"

त्यानं तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. मिटलं. कीसूननं त्याची नजर पाहिली आणि घडी घातलेल्या कपड्यांमधून स्वतःचे वेगळे काढून ठेवले.

छिलबोक हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र. गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात दोघं एकमेकांची पाठ चोळून देतात. त्याच्यापाशी पानसूनं कधी नव्हे ते तोंड उघडलं असावं, कारण दोन दिवसांनी तो घरी आला आणि सोनेरी कागदातल्या काळ्या गोळ्या खिशातून काढल्या. कीसून बाजाराला गेली होती.

"लेका, बाजारात एक म्हातारा विकतो. सगळं झाडपाल्याचं, काही धोका नाही. दारूबरोबर एक घे. सत्तरीचा माणूस सतरा वर्षांचा होतो."

"तू घेतलीस?"

"मला काय गरज? माझी बायको मुलीकडे जाऊन बसलीय," छिलबोक हसला.

पानसूला छातीचं दुखणं होतं. दुखलं की जिभेखाली ठेवायची बारीक पांढरी गोळी त्याच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे. हे छिलबोकला माहीत होतं. पण झाडपाल्याला कोण घाबरतो?

पानसूनं एक सोडून दोन घेतल्या. सण जवळ आला होता ना. तोंड लालबुंद झालं. मला वाटलं, लाजला. मग त्यानं छाती धरली आणि सवयीनं खिशातली पांढरी गोळी जिभेखाली टाकली. ती विरघळते न विरघळते तोच पापण्या मिटल्या, ओठ पांढरे पडले, आणि माणूस माझ्या शेजारी आडवा झाला. त्याचा हात माझ्यावर आपटला. मी केवढ्यांदा वाजले म्हणून सांगू! आयुष्यात इतकी कधी वाजले नव्हते. फाटकातून आत येणाऱ्या कीसूनच्या हातातली मुळ्याची जुडी तिथंच पडली.

पुढचं दवाखान्यातलं मी पाहिलेलं नाही. पण घरी आल्यावर कीसूननं त्याला जे झोडपलं, त्यातून सगळं कळलं.

"झाडपाला! त्या गोळीत विलायती औषध कुटून घातलं होतं म्हणे, मापाबिपाचा पत्ता नाही. ते औषध आणि तुमची जिभेखालची गोळी, दोघं एकमेकांचे वैरी. एकत्र आले की रक्तदाब पार तळाला. डॉक्टर म्हणाले, आणखी पाव तास उशीर झाला असता, तर मी तुमच्या पायाशी बसून रडत असते. दुसऱ्यांदा विधवा! लोकांनी मला काय म्हटलं असतं?"

"कीसून," तो खाली मान घालून म्हणाला, "तू नकोशी नाहीस. मला... मला जमत नाही."

मग कीसून एवढी मोठ्यानं रडली, की मला वाटलं आता गेलीच ही. पण ती रडत रडत म्हणाली, "मेल्या, हे दोन वर्षांपूर्वी सांगता येत नव्हतं?"

नवऱ्याला 'मेल्या' म्हणाली, पण मला ती शिवी वाटली नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिनं त्याला शहरातल्या दवाखान्यात धरून नेलं. डॉक्टर निघाली बाई, तीही पस्तिशीतली. पानसू म्हणे उठून चालू लागला होता, हिनं सदरा धरून खाली बसवलं. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. रक्त तपासलं, तर साखर वाढलेली, आणि हे आजचं नाही, बरीच वर्षं असणार. बाई म्हणाल्या, "आजोबा, साखरेनं आणि विडीनं नसा आणि रक्ताच्या वाटा खराब होतात. तिथल्या वाटा बारीक असतात, म्हणून तिथं आधी कळतं. तुमच्या वयात अर्ध्याअधिक पुरुषांना हा त्रास असतो. फक्त सांगत कुणी नाही." यासाठीची दुकानातली गोळीही त्याला वर्ज्य, छातीच्या औषधापायी. साखर आवरायची, विडी बंद, रोज तासभर चालायचं. आणि हृदयाच्या डॉक्टरांनी हो म्हटलं, तर त्या जागी रक्त ओढून आणणारा एक हातपंप वापरून बघायचा.

शेवटी बाईंनी विचारलं म्हणे, "मनावर काही ओझं आहे का?"

"नाही," पानसू म्हणाला.

सुगीचा सण आला आणि गेला. कीसून गेली नाही. पण तिचे कपडे अजून वेगळ्या थप्पीतच होते.

हृदयाच्या डॉक्टरांनी होकार दिला आणि घरात एक प्लॅस्टिकचं नळकांडं आलं. एका टोकाला पंप, सोबत रबराचं कडं. मी आडवं तिडवं न्याहाळलं. पोकळ, गोल, तोंड उघडं. म्हणजे आमच्याच जातीचं की! कीसूननं चष्मा लावून माहितीपत्रक दोनदा मोठ्यानं वाचलं. "कडं अर्ध्या तासाच्या आत काढायचं," असं म्हणत तिनं अंडी उकडायचं घड्याळ आणून उशीशी ठेवलं.

"जरा हळू बोल," पानसू कळवळला.

"कुणासाठी? शेजारी बहिरे आहेत."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रात्रीचा हट्ट नको, सकाळी माणूस ताजा असतो. म्हणून त्या दिवशी लापशी पिऊन झाल्यावर, खिडकीतून लख्ख ऊन येत असताना, दोघं खोलीत आले. मी नजर वळवू शकत नाही, पण शपथेवर सांगते, लक्ष दुसरीकडे ठेवलं होतं. पंपाचा फुस्स फुस्स आवाज झाला. दोघं हसले. खूप दिवसांनी त्या खोलीत दोन माणसं एकदम हसली.

"अहो!" कीसून म्हणाली, आणि तिच्या आवाजात आश्चर्य होतं.

आणि जमीन निवली. टिंग.

पानसूचा चेहरा राखेसारखा झाला. यंत्र आपलं काम चोख करत होतं, माणूसच उठून बसला. त्यानं कडं काढून टाकलं.

"काय झालं?"

"वाजलं."

"काय वाजलं?"

त्यानं माझ्याकडे बोट केलं. "ती."

कीसून उठली. अंगाभोवती चादर गुंडाळली. दोन वर्षं जिला तिनं हात लावला नव्हता, त्या माझ्यासमोर ती उकिडवी बसली आणि झाकण उचललं. उजेड आत आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिनं कागदाची घडी उलगडली आणि वाचली. मी मनात म्हटलं, संपलं. आता ही थप्पी उचलणार.

"ही जाळली नाहीत?" तिनं विचारलं.

"हात झाला नाही."

"म्हणजे या बाईला तुम्ही दोन वर्षं या भांड्यात कोंडलंय? उपाशी? आणि मी इथं झोपतेय!"

मग सगळं बाहेर पडलं. अकरा महिने, फुटलेले हात, दारातला तो क्षण. "ती म्हणाली होती, मध्ये येऊन झोपेन. आणि ती आली, कीसून. दरवेळी वाजते. मी तुला हात लावला की ती वाजते." सत्तरी उलटलेला माणूस लेकरासारखा हुंदके देत होता.

"म्हणाली तेव्हा चेहरा कसा होता तिचा?"

"मी पाठमोरा होतो."

मी आतून ओरडत होते. हसत होती! अगं, हसत होती ती! पण काशाला तोंड असून उपयोग काय?

कीसूननं डोळे पुसले. मग तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. "माझा नवरा मरायच्या आदल्या आठवड्यात काय म्हणाला ठाऊक आहे? 'दुसरं लग्न केलंस तर तुझ्या नूडल्समध्ये रोज केस निघेल, आणि तो माझा असेल.' त्याला तर टक्कल होतं! मी हसून हसून वाकले. अहो, जी बाई नवऱ्याच्या हातात आपलं भांडं बघते, रोज, अकरा महिने, ती शाप देईल? तिला तुमच्यासमोर लाज वाटत होती, तुमची दया येत होती, म्हणून तिनं थट्टा केली. हसत होती हो ती. मी सांगते ना, हसत होती."

"तू कुठं पाहिलंस?"

"पाहायला कशाला लागतं? मीही एकाला पोचवून आलेय."

पानसू तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. तो रडता रडता हसला की हसता हसता रडला, मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं जे मला बोलता आलं नाही, ते या परक्या बाईनं न पाहता सांगितलं.

त्या दुपारी कीसूननं पाट मांडला. भात, मुळ्याचं सूप, खारवलेला मासा, पेअर सोलून, आणि रासबेरीची दारू. फाटक उघडलं. पट्टी उभी केली. "ताई," ती पट्टीला म्हणाली, "या माणसाला अक्कल नाही, म्हणून उपास घडला तुम्हाला. जेवा पोटभर. घाई नाही." दोघांनी बराच वेळ वाट पाहिली. पानसूनं दोनदा दंडवत घातलं. दुसऱ्यांदा कपाळ टेकलं ते लवकर उचललंच नाही.

मग त्यानं पट्टी माझ्यातच जाळली. या वेळी एकच काडी लागली. माझं पोट तापलं, क्षणभर तेलाचा तो वास आला, आणि चिमूटभर राख उरली.

ती राख कीसूननं फेकली नाही. भाताच्या काडाची राख तिच्यात मिसळली, ओल्या चोथ्यावर घेतली आणि अंगणात बसून मला घासायला लागली. आमच्याकडे कासं राखेनंच उजळतं. त्या पैलवानी मनगटांनी तिनं मला असं घासलं, की इतक्या वर्षांचा काळपट थर निघाला. पानसू बाजूला बसून पाणी घालत होता. माझ्या पोटात दोन म्हातारे चेहरे दिसत होते, एकमेकांना चिकटलेले. संध्याकाळी कपाटात कपड्यांची एकच थप्पी होती.

आता माझं काय चाललंय विचाराल, तर ते नळकांडं, कडं आणि अंड्यांचं घड्याळ माझ्यात ठेवतात, वर झाकण. कुणी पाहुणा आला तर थोरलीचं भांडं म्हणून हात लावत नाही. कधी जमतं, कधी नाही जमत. नाही जमलं तर कीसून म्हणते, "राहू द्या, पेअर कापते," आणि तो तिच्याकडे तोंड करून झोपतो. पानसूची साखर उतरलीय. फळीवर तो अजून दारू विकतो, पण एखादा म्हातारा चारदा इकडेतिकडे बघून बाटलीला हात घालतो, तेव्हा हा हळूच म्हणतो, "दादा, दारू चवीला घ्या. आणि एकदा साखर तपासून या. बाई डॉक्टर आहे, पण भली आहे." बाबांनो, त्याचं ऐका. छातीवर औषध चालू असेल तर बाजारातल्या गोळीच्या नादी लागू नका. आणि जिच्याशेजारी झोपता तिला सांगा. माझ्यात कापूस कोंबला होता तो सासूच्या भीतीनं. तुम्हाला कुणाची भीती?

आणखी एक गोष्ट राहिली. ती मी कुणाला सांगितलेली नाही.

जमीन अजून पहाटे निवते. झाकण अजून वाजतं. पानसू आता घोरत असतो. कीसूनला मात्र जाग येते, आणि ती अर्धवट झोपेत म्हणते, "झोपा ताई, आम्ही बरे आहोत."

ताई नाहीये हो आता. त्या दुपारी जेवून, उघड्या फाटकातून गेली ती. माझ्यात तेलाचा वास नाही, कागद नाही. वाजते ती मी. पहिल्यापासून मीच वाजत होते की काय, याचाही हल्ली भरवसा वाटत नाही. मला ती जायला नको होती. पन्नास वर्षांत तिच्याशिवाय माझं होतं कोण?

पण पहाटे कुणीतरी 'झोपा ताई' म्हणतं, तेवढं ऐकायला मी वाजते. वाजू द्या.